काकू, सूर्य कुठेही गेलेला नाही

जुलै लागला की आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक निरोप हमखास येतो. ‘उद्या पहाटे ५ वाजून २७ मिनिटांनी अफेलियन सुरू होतंय. पृथ्वी-सूर्य अंतर एरवी ९ कोटी किलोमीटर असतं, ते १५.२ कोटी होणार, म्हणजे ६६ टक्के जास्त. ऑगस्टपर्यंत थंडी, खोकला, ताप. जपा.’ यंदा काकूंनी तो पाठवला आणि खाली विचारलं, ‘तू मुलांना गणित-विज्ञान शिकवतोस ना, खरं काय ते सांग.’

काकू, १५.२ कोटी हा आकडा खरा आहे. गोची तीच. एक आकडा खरा निघाला की बाकीचे कोणी तपासत नाही. एरवीचं अंतर ९ कोटी नाहीच, सरासरी १४.९६ कोटी आहे. जानेवारीच्या सुरुवातीला ते १४.७१ कोटी होतं आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२१. फरक साडेतीन टक्क्यांच्या आत. ९ कोटींवर असतो तर आपण शुक्राच्याही आत शिरलो असतो, कारण शुक्र १०.८ कोटींवर आहे. आणि ९ वरून १५.२ म्हणजे वाढ ६९ टक्के, ६६ नव्हे. खोटं बोलतानाही टक्केवारी चुकली. नववीच्या मुलाचे मी याला गुण कापतो.

‘ऑगस्टपर्यंत’ हेही नाही. अपसूर्य, म्हणजेच अफेलियन, हा पृथ्वीच्या कक्षेवरचा सूर्यापासून सर्वांत लांबचा एक बिंदू आहे. तो ओलांडला की पृथ्वी लगेच सूर्याकडे सरकू लागते.

आता थंडी. जानेवारीपेक्षा जुलैत पृथ्वीला साधारण ७ टक्के ऊन कमी मिळतं, हे मान्य. पण अंतरावरच सगळं असतं तर स्वेटर जुलैत निघाले असते. खरा खेळ पृथ्वीच्या साडेतेवीस अंशांच्या कलण्याचा. गच्चीवर एक मीटरची काठी सरळ उभी करा. ४ जानेवारीला दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली जवळपास एक मीटर भरेल, म्हणजे सूर्य ४५ अंशांवर. दहावीतला टॅन ४५ बरोबर १, तो हाच. आणि ४ जुलैला? इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं खाली असल्यामुळे त्या दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, सावली काठीच्या बुडाशी. ज्या दिवशी तो ‘फार लांब’ गेला म्हणून शाल काढायची, त्याच दिवसांत तो आपल्या माथ्यावर!

मग गार का वाटतं? पाऊस, काकू. मे महिन्यात चाळिशी गाठणारा माळवा ढगांखाली येतो, इतकंच. खोकला-ताप पावसाळ्यातल्या विषाणूंचा. त्यांना सूर्याचं अंतर ठाऊक नसतं.

काठीचा प्रयोग जुलैत ढगांमुळे बहुधा फसेल. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी सूर्य असाच माथ्यावर येतो, तेव्हा करू. आल्याचा चहा मात्र आत्ताच टाका, मी संध्याकाळी येतोय.