दगडं काय बघायची म्हणे!

आज शाळेच्या ग्रुपवर सहलीचा मेसेज आला. यंदाही वॉटर पार्कच. मी लिहिलं, सिन्नरचं खनिजांचं गारगोटी म्युझियम आणि गोदाकाठचं नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य करूया की! लगेच एका पालकाचं उत्तर, "दगडं काय बघायची, मॅडम?" खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. डोकंच फिरलं माझं.

दिवाळीत लेकीला घेऊन गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला गेलो होतो. डायनासोरच्या हाडांसाठी, अंड्यांसाठी प्रसिद्ध जागा. राजासॉरस हा मांसाहारी डायनासोर इथलाच, २००३ साली त्याचं नामकरण झालं. म्युझियम छानच आहे, पण पोरगी रमली बाहेरच्या माळावर. गाईडने एका खडकावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि करड्या दगडात अंड्याची गोल कड गडद उमटली. पाणी सुकलं की पुन्हा पुसट. "अजून ओता ना काका" करत तिने त्यांची बाटली रिकामी केली.

रात्री म्हणाली, "आई, आपल्या नाशकात का नाही गं असं?"

डायनासोर नाहीत, कारण आपला ब्रह्मगिरी, अंजनेरी सगळा लाव्हा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी त्याचे थरावर थर साचले. त्याच लाव्हाच्या पोकळ्यांत वाढलेले झिओलाइट या खनिजाचे स्फटिक गारगोटी म्युझियममध्ये ठेवलेत. ही तुमची "दगडं"!

आणि गोदावरीच्या गाळात हत्ती होता हो! नांदूरमध्यमेश्वरला सापडलेल्या हत्तीच्या जीवाश्मावर पिलग्रिम या भूवैज्ञानिकाने १९०५ साली लिहिलंय. आजच्या हत्तीहून थोराड, आता नामशेष झालेली जात. इकडे नाशिकजवळच्या गंगापूरला नदीकाठी पुरातत्त्वज्ञ सांकलियांना अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारं मिळाली. आपण तिथे हुरडा खायला जातो आणि पोरांना यातलं अक्षरही सांगत नाही. संताप होतो!

वॉटर पार्कात मुलं खूश असतात, मान्य. नांदूरला गेलं तरी हत्ती दिसणार नाही, पक्षीच दिसणार, तेही मान्य. पण त्या काठावर उभं राहून बाईंनी नुसतं म्हणावं, "इथं होता." रैयोलीत तरी काय होतं? ओल्या खडकातला एक गोल. माझी बडबडी पोर त्यावर तळहात ठेवून कितीतरी वेळ गप्प बसली होती. हे लिहितानाही तिचा तो चेहरा डोळ्यासमोर येतोय.

त्या पालकांवर राग नाही आता. त्यांनाही शाळेत कुणी नेलं नसणार.

उद्या मुख्याध्यापिकांना भेटतेय. आपल्या वर्गातलं कुणी सोबत येणार असेल तर आज रात्रीच इनबॉक्स करा. बसचा खर्च वाटून घेऊ, डबे घरचेच नेऊ.