गाडीनं हवा घेतली

माणसाला वात झाला तर ओवा आहे, हिंग आहे, शेजारच्या काकू आहेत. डिझेलच्या गाडीनं हवा घेतली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, तर फक्त अण्णांचा अंगठा आहे. अण्णा आमचे ड्रायव्हर, वडिलांच्या वेळेपासूनचे. म्हणजे गाडी माझ्या नावावर असली तरी मालक तेच. गेलं वर्षभर रोज पहाटे ते बॉनेट उघडायचे, हवा काढायचा स्क्रू अर्धा आटा सैल करायचे आणि फीड पंपाचा दट्ट्या अंगठ्यानं चाळीस-पन्नास वेळा दाबायचे. आधी ताकासारखा फेस यायचा, मग बुडबुडे, मग निव्वळ डिझेलची धार. धार लागली की स्क्रू आवळायचा, हात पँटला पुसायचा आणि त्याच हातावर तंबाखू मळायची. मला एकदा प्रेमानं देऊ केली होती.

या फीड पंपाचं काम तसं हलकं. टाकीतलं डिझेल ओढायचं आणि एक-दीड बारच्या जोरानं फिल्टरमधून मोठ्या पंपाकडे पोचवायचं. खरा पराक्रम मोठ्याचा. तो डिझेल दाबून नोझलमधून इंजिनात फवारतो. आमच्यासारख्या जुन्या गाडीत नोझल उघडायलाच दोनशे बारच्या आसपास जोर लागतो. म्हणजे फीड पंप हा पंगतीत वाढप्याच्या हाती परात भरून देणारा पोरगा. पण पोरगा रिकामी परात देऊ लागला तर वाढप्या काय वाढणार? डिझेल दाबलं जात नाही म्हणून नोझल उघडतो. हवा मात्र कितीही दाबा, बिचारी अंग चोरून बसते. नोझल ढिम्म. गाडी ढिम्म.

आमची ढिम्म झाली नाशिकच्या द्वारका चौकात. पिंपळगावहून दीडशे क्रेट टोमॅटो भरून वाशीला निघालो होतो. उड्डाणपुलावरून गेलो असतो तर निदान वाऱ्यावर बंद पडलो असतो. पण मला द्वारकेला उतरायचं होतं म्हणून गाडी खालून घेतली. या एका वाक्याचं अण्णांनी पुढे महिनाभर भांडवल केलं.

द्वारकेला गाडी बंद पडली की पाच मिनिटांत मेकॅनिकची परिषद भरते. रिक्षावाला म्हणाला, फिल्टर. मोटरसायकलवाला म्हणाला, टाकीत कचरा. भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी गाड्या बंदच पडत नव्हत्या," आणि तिथेच उभे राहिले. अण्णा दट्ट्या दाबत होते आणि दट्ट्याच्या बुडातून डिझेल त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. पंप गेला होता. टोमॅटो दुसऱ्या गाडीत चढवून पाठवले आणि आमची ओढून सारडा सर्कलजवळच्या एका बोळात नेली.

मिस्त्रींनी पंप खोलला, आतला घासलेला पिस्टन तळहातावर घेऊन वैद्यासारखा न्याहाळला आणि म्हणाले, "शेठ, आता इलेक्ट्रिकच टाका. किल्ली फिरवली की गुणगुणतो, हवा आपोआप निघून जाते. अंगठ्याला आराम."

"आराम कसला?" अण्णा म्हणाले. "एकदा चालू झाली की बॅटरी काढून नेली तरी आपली गाडी मुंबईला जाऊन येते. आता विजेवर टाकता? उद्या फ्यूज उडाला की घाटात बसा भजन करत."

मुद्दा बरोबर होता. म्हणून मी मिस्त्रींचं ऐकलं.

दुकानात गेलो तर पहिला प्रश्न, "पेट्रोलचा देऊ की डिझेलचा?" दुसरा, "१२ व्होल्ट की २४?" मी ऐटीत दोन्ही उत्तरं दिली, कारण अण्णांनी ती माझ्या तळहातावर बॉलपेननं लिहून दिली होती. पेट्रोल इंजेक्शनचा पंप तीन बारच्या पुढे जोर लावतो. तो आमच्या जुन्या सील्सना सोसला नसता, असं दुकानदारानंच समजावलं.

जुना पंप काढला की मोठ्या पंपाच्या अंगाला भगदाड राहतं. ते प्लेट लावून बुजवायचं, नाहीतर तिथून ऑइलची गंगा. आमच्या भाषेत गोदा. प्लेट लोखंडाची मिळाली. ऑइल झिरपू नये म्हणून तिच्याखाली घालायचा पॅकिंगचा कागद मात्र संपला होता. मिस्त्रींनी केबिनमध्ये डोकावून डॅशबोर्डवरचं एक जाड, गुळगुळीत कार्ड उचललं. मी फोनवर होतो. वळलो तेव्हा कार्ड प्लेटवर होतं आणि मिस्त्री गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं टक टक ठोकत होते. बोल्टची भोकं अशी सुरेख पडत होती की मला दोन मिनिटं कौतुकच वाटलं. मग गणपतीची सोंड दिसली. माझ्या मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका होती ती.

"फार चांगला कागद आहे," मिस्त्री म्हणाले. "असा हल्ली बाजारात मिळत नाही."

पंप त्यांनी आधी इंजिनाजवळ, हाताला येईल असा बसवला. तो नुसता घोंघावला, डिझेल काही येईना. हे पंप ढकलण्यात शूर, ओढण्यात आळशी. मग तो खाली टाकीशेजारी चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, आधी एक छोटा फिल्टर देऊन बसवला, आणि काय धार लागली! एकदाही अंगठा न लावता. अण्णांनी तोंड फिरवलं.

वायरिंगला दुसरा मुलगा आला. रिले, फ्यूज, काळी टेप, कानात गाणी. अर्ध्या तासात मोकळा. "दादा, चालवून बघा," म्हणाला आणि गेला पण.

द्वारकेच्या गर्दीतून गाडी अशी निघाली, लोण्यातून सुरी. गोदावरी ओलांडली, के. के. वाघ कॉलेज मागे टाकलं. मी मनातल्या मनात अण्णांना चार गोष्टी सुनावत होतो. आडगावच्या पुढे रस्ता मोकळा झाला, अण्णांनी हॉर्नवरचा हात काढून मिशीवर फिरवला, आणि गाडी दम टाकू लागली. गचके, गचके, आता मरते की मग. अण्णा चिडले आणि त्यांनी हॉर्नवर मूठ आपटली. गाडी उठली! हात काढला, गाडी बसली. पुन्हा हॉर्न, पुन्हा उठली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

पोरानं पंपाला करंट हॉर्नच्या वायरवरून दिला होता. हॉर्न दाबला तरच पंप चालणार, आणि पंप थांबला की त्याच्या पोटातून डिझेल धड ओढलंही जाईना. द्वारकेला हे कळलंच नाही, कारण तिथे हॉर्नवरून हात काढतो कोण?

आडगाव ते सारडा सर्कल आम्ही अखंड हॉर्न वाजवत आलो. पुढचे सगळे घाबरून बाजूला होत होते. एका बाईंनी तर मागे रुग्ण असेल असं समजून हात जोडले. एका सिग्नलला हवालदारानं अडवलं. अण्णा हॉर्नवरचा हात न काढता ओरडून सांगत होते, "साहेब, हात काढला तर गाडी बंद पडेल!" हवालदारानं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या समजूतदारपणे जा म्हणून हात केला की मलाच वाईट वाटलं.

वायर बदलली. आता किल्लीबरोबर पंप चालतो, किल्लीबरोबर थांबतो. सकाळी गुणगुण ऐकली की मी खूश, आणि अण्णा सवयीनं बॉनेट उघडून जुन्या पंपाच्या जागेकडे बघत तंबाखू मळतात.

लग्नाच्या दिवशी बायको तयार होऊन दारात आली. "अहो, मुहूर्त कितीचा? पत्रिका बघा जरा."

मी टॉर्च घेऊन खाली गेलो. मिस्त्रींनी पॅकिंगची बाहेरची कड कापली नव्हती, ते एक बरं. अंगणात पाठीवर पडून, मान वाकडी करून वाचलं. ऑइल पाझरून कागद पिवळा पडला होता, पण अक्षर स्पष्ट होतं: '... वाजून ४२ मिनिटांनी.' किती वाजून, ते प्लेटखाली होतं.

"अण्णांना फोन लाव," मी खालूनच म्हणालो. "तेराचा पाना घेऊन या म्हणावं."