‘पाच मिनिटांचं काम, सहा दिवस लावले’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पद्मिनीच्या स्टिअरिंगचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढायला गाडी दिली, स्टिअरिंगचा बॉक्स टाइट करायचं पाच मिनिटांचं काम, आम्ही सहा दिवस ठेवून घेतली, आठ हजार सांगून अकरा हजार चारशे घेतले, प्ले उलट वाढवून दिला आणि ७०च्या पुढे स्टिअरिंग अजून थरथरतंच. शिवाय ‘ग्रीसवर लेक्चर मात्र फुकट’.

यातल्या दोन गोष्टींत चूक आमची आहे. त्या आधी सांगतो.

पहिली पैशांची. अंदाज दिला होता तो डाव्या किंग पिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर डावं-उजवं वळतं तिचा. उजवीकडचं चाक वर-खाली धरून हलवलं तेव्हा खडखडत होतं, पण पोराला ब्रेक दाबायला लावला आणि खडखड थांबली. ब्रेक दाबून प्ले गेला की तो व्हील बेअरिंगचा, राहिला की किंग पिनचा, असा आमचा हिशोब. म्हणून उजवीकडे फक्त बेअरिंग धरलं. बेअरिंग नीट केल्यावर मात्र आत बारीक प्ले उरलेला दिसला, तो आधी बेअरिंगच्या आवाजात लपला होता. गाडी वर, ड्रम काढलेला, कारागीर म्हणाला करून टाकू, मी हो म्हटलं. तुम्हाला फोन करायला हवा होता, नाही केला. उजव्या बाजूची मजुरी बाराशे रुपये परत देणार आहे. सामानाचे पैसे देणार नाही, कारण पिन गाडीत बसली आहे.

दुसरी थरथरीची. ट्रायल मी स्वतः घेतली, पण गावातल्या गावात. ५०च्या वर काटा गेला नाही. ७०ला काय होतं ते ५०ला कळत नाही, आणि हे मला कळायला हवं होतं. ठरावीक स्पीडला सुरू होणारी आणि त्याच्या पुढे कमी होणारी थरथर बहुतेक वेळा चाकाची असते: बॅलन्सिंग, वाकलेली रिम, नाहीतर एका जागी उभं राहून चपटा झालेला टायर. तुमच्या पुढच्या दोन्ही टायरवर २३१५ असा आकडा आहे. म्हणजे २०१५ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर आहे, रबर मात्र वाळलंय. बिलाच्या खाली ‘टायर जुने’ असं लिहिलंय, पण माझं अक्षर मलाच लागत नाही, तेव्हा ते सांगितलं असं मी धरत नाही.

आता बॉक्स टाइट करण्याबद्दल. इथे मात्र मी मागे येणार नाही.

तुमचा बॉक्स आधीच कुणीतरी आवळलेला होता. पुढची चाकं वर घेऊन स्टिअरिंग फिरवलं तर मधे सैल, आणि अर्धा फेरा डावीकडे-उजवीकडे गेलं की जड. गाडी आणलीत तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, गगनबावड्याच्या घाटात वळण संपलं तरी स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, हातानं ओढावं लागतं. कारण तेच. माणूस जन्मभर गाडी जास्त करून सरळच चालवतो, म्हणून बॉक्समधला वर्म (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा आटेदार गिअर) मधोमध झिजतो आणि कडेला नवा राहतो. मधली झीज बॉक्सचा स्क्रू आवळून भरून काढायला गेलात की कडेला दात अडकतात. म्हणून मी तो स्क्रू थोडा परत सोडला. ‘प्ले वाढवून दिला’ असं तुम्हाला वाटलं ते यामुळे. येताना स्टिअरिंगच्या कडेवर चार बोटं प्ले होता, जाताना जेमतेम दीड बोट. ते दीड बोट या गाडीत राहणारच. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हाही ती आजच्या पॉवर स्टिअरिंगच्या गाडीसारखी नव्हती.

चार बोटं प्ले मग होता कुठे? थोडा आयडलर आर्ममध्ये, थोडा डाव्या टाय रॉड एंडमध्ये, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या सांध्यांत. गाडी जमिनीवर ठेवून एकानं स्टिअरिंग हलकंच डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्यानं खाली झोपून एकेका जॉइंटवर बोट ठेवायचं, लगेच कळतं. पण मोठा वाटा डाव्या किंग पिनचा. ती पिन तुमच्या डिकीत पिशवीत दिली आहे. खालच्या बाजूला, जिथे बुश (पिनभोवतीची नळी) बसतो तिथे, नखानं ओढून बघा. नख अडकतं. त्या खाचेवर चाक लटकत होतं, आणि तुम्ही वर्षभरात तीनदा अलाइनमेंट केलीत. चाकच डुलत असेल तर मशीन त्या दिवशी जे दिसेल तेच मोजणार.

ग्रीसचं लेक्चर. गाडीला मागे रंग दिलात तेव्हा खालून काळं कोटिंग मारून घेतलंत. मारणाऱ्यानं निपलसकट, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडांसकट, मारलं. त्यानंतर ज्यानं ज्यानं ग्रीसगन लावली त्याचं ग्रीस बाहेरच्या बाहेर पुसलं गेलं असणार. आम्ही निपल काढले तर आत ग्रीस नव्हतंच, डांबरासारखी कोरडी खळ होती. ग्लोव्ह बॉक्समध्ये तुमच्या वडिलांची लाल वही आहे. अलाइनमेंटची पावती शोधताना हाती आली, माफ करा, चाळली. दर दोन हजार किलोमीटरला ‘पुढचं ग्रीस’ अशी नोंद, तारखेसकट. रंगकामानंतर एकही नाही. ते बघून मला राहवलं नाही आणि पोरांसमोर जरा जास्त बोललो. तेवढं सोडून द्या.

सहा दिवस का? पहिला किट आला त्यातली पिन मापाला कमी होती, बुशमध्ये नुसती पडत होती. बसवली असती तर गाडी दुसऱ्याच दिवशी मिळाली असती आणि पावसाळ्याआधी परत आली असती. मुंबईत पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर निदान खपाच्या धाकानं सामान बरं यायचं. शेवटची टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात गेली, आता डबा जुना आणि आत काय असेल ते नशीब. दुसरा किट मागवण्यात दोन दिवस गेले, मधे सुट्टीचा सोमवार, आणि बुशना रीमर मारून (आतलं भोक मापाला आणून) पिन हातानं दाबून जाईल इतकी घट्ट बसवायला एक अख्खी दुपार.

तर असं करू. मंगळवारनंतर कधीही सकाळी दहाच्या आत गाडी आणा. दोघं मिळून हायवेनं कागलपर्यंत जाऊ, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. थरथर येते त्या स्पीडला मला फक्त सांगा, स्टिअरिंग हलतंय की सीट. सीट हलत असेल तर मागची चाकं आधी बघू. रिम वाकली असेल तर ती सरळ करणं आणि चारही चाकांचं बॅलन्सिंग माझ्याकडून. टायर घ्यावे लागले तर ते तुमचे, दुकान तुम्हीच निवडा.

आणि निघण्याआधी स्टेपनीत हवा भरून घ्या. परवा बघितली, पार बसलेली आहे.