बंदीआधी शाळांना मुदत घालून द्या

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५मध्ये १६ वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद केली, तेव्हापासून महाराष्ट्रातही बंदीची मागणी जोर धरते आहे. न्यू जर्सीत बसून ही चर्चा ऐकताना मला वाटतं, निकडीचा प्रश्न वेगळाच आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री एखाद्या मुलीची टर उडवली गेली, तर सकाळी शाळेत कोणी, काय आणि किती दिवसांत करायचं?

इथे २०११पासून लागू असलेला छळविरोधी कायदा हे सगळं ठरवून देतो. शिक्षकाने प्रकार कळताच त्याच दिवशी मुख्याध्यापकांना तोंडी सांगायचं, दोन शालेय दिवसांत लेखी द्यायचं. मुख्याध्यापकांनी एका दिवसात चौकशी सुरू करायची. ती शाळेनेच नेमलेली व्यक्ती करते, बहुतेकदा समुपदेशक. लेखी तक्रारीपासून दहा शालेय दिवसांत चौकशी संपवायची आणि अहवाल वरिष्ठांमार्फत, शाळा चालवणाऱ्या स्थानिक शिक्षण मंडळापुढे ठेवायचा. निष्कर्ष पटला नाही, तर पालक मंडळाकडे सुनावणी मागू शकतात. घरून टाकलेली पोस्टही यात येते, फक्त तिच्यामुळे शाळेतलं कामकाज बिघडलेलं असलं पाहिजे.

या कायद्यातली एक अट मात्र महाराष्ट्राने मुळीच उचलू नये. छळामागे वंश, धर्म, अपंगत्व, लैंगिक कल असं काही वेगळेपण दाखवावं लागतं. ते दाखवता आलं नाही, की ‘मैत्रिणींचं भांडण’ म्हणून तक्रार निकाली निघते आणि पोरीचा छळ तसाच राहतो.

आपल्याकडे मुदत अगदीच नाही असं नाही. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंग प्रतिबंधक कायद्यानुसार संस्थाप्रमुखाने लेखी तक्रारीची सात दिवसांत चौकशी करायची असते. तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याचं निलंबन करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. दोषी ठरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. कॉलेजातल्या तरुणांसाठी हे समजू शकतं, पण सातवीतल्या मुलावर हे कलम लावायला कोण धजावेल? मधली पायरीच नाही, म्हणून प्रकरण मुख्याध्यापकांच्या खोलीत ‘समजूत घालून’ मिटवलं जातं. शाळांमध्ये २०२२च्या शासन निर्णयाने विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आल्या आहेत. अशा तक्रारींची चौकशी त्यांच्याकडे सोपवून दहा दिवसांची मुदत आणि पालकांना लेखी निष्कर्ष बंधनकारक करावा. त्याला नवा कायदा लागणार नाही.

आणि पुरावा! शाळा सगळ्यात आधी पोस्ट काढून टाकायला लावते, मग चौकशीच्या हाती काहीच उरत नाही. आधी तारीख, वेळ, खात्याचं नाव, नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. अल्पवयीन मुलामुलीचं नग्न चित्र असेल, तर मात्र स्क्रीनशॉटही नको, ‘पुरावा’ म्हणून शिक्षकांना पाठवणंही नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७बखाली ते साठवणं आणि पुढे पाठवणं हाच गुन्हा ठरतो. थेट पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. मुलाला आधार हवा असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. चित्र पसरू नये म्हणून ‘टेक इट डाऊन’ ही मोफत सेवा भारतातूनही वापरता येते. तीत चित्र फोनबाहेर जात नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांना दिला जातो.