प्रतिक्रियेला उत्तर: सहावीतलं क्रॉस कंट्री, ६८वा नंबर आणि दुखणारी टाच

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. राग आलेला दिसतोय, पण प्रश्न खरे आहेत म्हणून सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते: यांचा मुलगा इथे अमेरिकेत सहावीत आहे, यंदा शाळेच्या क्रॉस कंट्री (म्हणजे मैदानं, चढउतार, पायवाटा यांवरून लांब पळण्याची शर्यत) टीममध्ये गेला आणि पहिल्या मीटला, म्हणजे शाळाशाळांच्या स्पर्धेला, ८० मुलांत ६८वा आला. यांचं म्हणणं असं की माझा मागचा लेख स्वतःलाच खोडतो, एकीकडे म्हणते पळून गुडघे खराब होत नाहीत आणि दुसरीकडे म्हणते प्रॅक्टिसच्या वर पळवू नका, टायमिंगच्या मागे लागू नका, मग स्पर्धेत उतरायचंच कशाला? म्हणून ते आता रोज संध्याकाळी स्टॉपवॉच घेऊन त्याला आणखी दोन मैल पळवतात. आणि जाता जाता एक वाक्य आहे, की हल्ली तो टाच दुखते म्हणतो पण ते बहाणे असावेत.

मी त्या टाचेपासूनच सुरुवात करते, कारण सगळं वाचून मला काळजी वाटली ती तिचीच.

या वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून पक्का झालेला नसतो, तिथे ग्रोथ प्लेट असते, म्हणजे मऊ कूर्चेचा थर. पोटरीचा स्नायू अकिलीस टेंडनने बरोबर तिथेच जोडलेला असतो. मुलाची उंची भराभर वाढायला लागली की हाडं आधी लांबतात आणि स्नायू मागे राहतात, त्यामुळे टेंडन ताणलेलं असतं आणि प्रत्येक पावलाला ते त्या मऊ जागेला ओढ देतं. डॉक्टर याला सीव्हर्स डिसीज म्हणतात, साधारण ८ ते १४ वर्षांच्या पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांत खूप दिसतं. आज रात्री त्याला पालथं झोपवा आणि टाच मागच्या बाजूने दोन्हीकडून तळहातांनी दाबा. तो कळवळला तर समजा की बहाणा नाहीये. प्रॅक्टिसनंतर तो चवड्यांवर चालतोय का तेही बघा, टाच टेकवायला नको म्हणून मुलं नकळत तसं चालतात. घाबरण्यासारखं काही नाही, वाढ पूर्ण झाली की हे जातं, पण तोवर पळणं कमी करावं लागतं, पोटरीचं स्ट्रेचिंग लागतं आणि एकदा डॉक्टरला दाखवलेलं बरं. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखणं, ऑसगुड-श्लॅटर, तेही याच जातीचं.

आता एक गोष्ट सगळ्याच पालकांसाठी. नडगी लांबवर, पसरून दुखत असेल तर बहुतेक वेळा आराम आणि बरे शूज याने भागतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, किंवा मूल लंगडतंय, किंवा रात्री झोपेतही दुखतंय, तर कोचला विचारत बसू नका, डॉक्टरकडे जा, स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, असू शकतं. आणि पळता पळता चक्कर येऊन पडणं किंवा छातीत दुखणं, हे तर एकदाही झालं तरी तपासणी होईपर्यंत पळणं बंद म्हणजे बंद.

तर मी स्वतःला खोडतेय का? नाही, आणि का नाही ते सांगते. बऱ्याच घरात आजी-आजोबा म्हणतात पळून गुडघे झिजतात, मागचा लेख त्या भीतीबद्दल होता. २०१७ साली मोठ्या माणसांवरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात हौशी धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात होता, बसून राहणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावणाऱ्यांत १३.३ टक्के. म्हणजे पळणं वाईट नाही, पण किती आणि कुठल्या जोरावर याने फरक पडतो. आणि मुलांच्या बाबतीत यात ग्रोथ प्लेटची भर पडते. तुमचा मुलगा ऑगस्टपर्यंत बहुधा फारसा पळत नसेल, मग एकदम रोजची प्रॅक्टिस सुरू झाली, आणि त्यावर तुमचे दोन मैल, तेही घड्याळ लावून, म्हणजे जोरात. शरीराला सावरायला वेळच कुठे राहिला? अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स म्हणते की आठवड्यातून एक-दोन दिवस खेळाला पूर्ण सुट्टी हवी आणि वर्षात दोन-तीन महिने त्या एका खेळापासून लांब राहावं. संध्याकाळचे मैल बंद करा असं मी स्पष्टच सांगते. त्या वेळात त्याला लवकर झोपवा, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते आणि शाळा-प्रॅक्टिस-होमवर्क या रगाड्यात पहिली तीच कापली जाते.

आता ६८वा नंबर. तो वाचून तुम्हाला लागलंय, ते दिसतं. पण मिडल स्कूलच्या स्टार्ट लाइनवर एकदा नीट बघा, सहावीतलं एखादं पोर खांद्याएवढं असतं आणि शेजारी आठवीतला, मिसरूड फुटलेला मुलगा. मुलांची उंची सगळ्यात वेगाने वाढते ती साधारण १३-१४ च्या सुमाराला, कुणाची आधी कुणाची नंतर, आणि त्यासोबत स्नायू, फुप्फुसं, हृदय सगळंच वाढतं. त्यामुळे आज जो पुढे आहे त्यात मेहनत किती आणि आधी मोठं झालेलं शरीर किती हे कुणीच सांगू शकत नाही. टायमिंगचंही तसंच, एका कोर्सवर (शर्यतीच्या मार्गावर) चढ, दुसऱ्यावर चिखल, तिसरा कागदावर दोन मैल पण प्रत्यक्षात कमी, त्यांची तुलना करून हाती काय लागणार? करायचीच तर त्याच कोर्सवर पुढच्या वर्षी करा.

स्पर्धेत उतरायचं कशाला, याचं उत्तर या खेळाच्या स्कोअरिंगमध्येच आहे आणि ते बऱ्याच पालकांना माहीतच नसतं. जितकावा नंबर तितके पॉइंट, टीमच्या पहिल्या पाच जणांची बेरीज, सगळ्यात कमी बेरीज जिंकते. समजा एका शाळेचे १, २, ३, १४, १५ आले, बेरीज ३५. दुसऱ्या शाळेचे ४, ५, ६, ७, ८, बेरीज ३०. पहिले तिघंही ज्यांचे त्यांना ट्रॉफी नाही! पाचव्या मुलाने शेवटच्या वळणावर मागे टाकलेला एकेक जण मोजला जातो, आणि सहावा-सातवा मोजले जात नाहीत पण समोरच्या टीमच्या मुलांच्या पुढे येऊन त्यांचे पॉइंट वाढवतात. तुमचा मुलगा आत्ता त्या सातांत नसणार, मान्य. पण बहुतेक मिडल स्कूलमध्ये या खेळात कुणाला काढत नाहीत, शेवटचा मुलगाही तेच अंतर पळतो, आणि दोन वर्षं दुखापत न होता टिकून राहिलेली मुलंच आठवीत त्या पाचांत दिसतात. टिकून राहणं ही त्याची सध्याची स्पर्धा आहे असं मला मनापासून वाटतं.

तुम्हाला काहीतरी करायचंच असेल तर मीटला करा. पहिल्या चारशे मीटरला "पळ पळ" ओरडू नका, या वयाची मुलं तशीच सुरुवातीला जीव खाऊन पळतात आणि मग अर्ध्यावर चालायला लागतात. उलट अर्ध्याच्या पुढे, जिथे प्रेक्षक कमी असतात तिथे जाऊन उभे राहा आणि नावाने हाक मारा. त्याच्या बाजूने पळत जाऊ नका हं, ती बाहेरची मदत धरली जाते आणि त्यात मुलगा बाद होऊ शकतो. रेस संपल्यावर गाडीत नंबर विचारण्याऐवजी आधी पाणी आणि खायला द्या. त्याला बोलायचं असेल तर तोच काढेल विषय.

मुलींच्या आयांना एक वेगळं सांगायचंय. सहावीत पहिल्या येणाऱ्या मुली आठवीत हळू होतात, हे फार वेळा होतं, शरीर बदलत असतं आणि ते तसंच व्हायला हवं. त्या वेळी घरातून किंवा कोचकडून वजनाबद्दल एक शब्द गेला तरी मुलगी जेवण कमी करायला लागते. पाळी सुरू होऊन तीन महिने थांबली, किंवा १५ पर्यंत आलीच नाही, तर "पळणाऱ्या मुलींचं असं होतंच" म्हणून सोडून देऊ नका. खाणं कमी पडतंय याची ती खूण असू शकते आणि त्याने हाडं कमकुवत होतात. थकवा जात नसेल तर डॉक्टरांना हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगा.

शेवटी तुम्ही स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले शर्यतीचे शूज, घेऊ का विचारलंय. यंदा नको. त्यांची टाच पातळ असते, खाली गादी जवळजवळ नाहीच, दुखऱ्या टाचेला तर ते अगदीच चुकीचं, आणि काही ठिकाणी मिडल स्कूलच्या मीटला चालतही नाहीत. साधे रनिंग शूज घ्या, अंगठ्यापुढे बोटभर जागा राहील असे, आणि संध्याकाळी घ्यायला जा कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. टाच दाबून बघितल्यावर काय झालं ते नक्की कळवा, मी वाट बघतेय.