नोकर दहाच्या आत, म्हणून कायदा दुकानाबाहेर?

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दुकानात दहापेक्षा कमी माणसं असतील तर कामगार कायदे लागू होत नाहीत. पगार किती, कपात किती, कुणाला कधी काढायचं, सगळी मालकाची मर्जी. पगार रोखीत द्या, पोराला ‘ट्रेनी’ म्हणा, आणि ‘माझं काही येणं नाही’ अशा कागदावर आधीच सही घेऊन ठेवा.

यातला दहाचा आकडा हवेतून आलेला नाही. १९४८च्या जुन्या कायद्यात एका नोकराच्या दुकानालाही गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, काढावा लागे. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांची नोंदणीतून सुटका केली. ऑनलाइन सूचना दिली की काम झालं. २०२५च्या दुरुस्तीने ही रेषा वीसवर नेली. पण सवलत आहे ती त्या एका कायद्यापुरती. बाकीचे कायदे आपापला आकडा घेऊन येतात. भविष्य निर्वाह निधीला वीस, ग्रॅच्युइटीला दहा (आणि ती एकदा लागू झाली की माणसं नऊवर आणून सुटत नाही). काही कायद्यांना तर आकडाच नाही, आणि छोट्या दुकानदाराची गाठ नेमकी त्यांच्याशीच पडते.

पगाराचंच बघा. किमान वेतन एकट्या नोकरालाही द्यावं लागतं. आधी १९४८च्या किमान वेतन कायद्यात हेच होतं, २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही हेच आहे. आपल्याकडे दुकानांचे दर परिमंडळानुसार (म्हणजे दुकान कुठल्या भागात आहे त्यावर) आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गांनुसार ठरतात. विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी बरोबर असलेला पगार आज किमान वेतनाच्या खाली गेलेला असू शकतो. ‘ट्रेनी’ या नावाने काही साधत नाही. शिकाऊ उमेदवार म्हणजे १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली करार करून नोंदवलेला; काउंटरवर उभा राहून माल विकणारा पोरगा तुमचा नोकरच.

कपातीबाबत मालक सगळ्यात जास्त बेफिकीर असतात. खाड्याचा पगार कापता येतो, दिलेली उचल वळती करता येते, त्यात वाद नाही. पण गल्ला कमी भरला म्हणून तिन्ही पोरांच्या पगारातून सारखे पैसे कापले, तर ते बेकायदा. नुकसान कापायचं तर ती वस्तू किंवा रक्कम त्याच माणसाच्या ताब्यात दिलेली असावी लागते, नुकसान त्याच्याच हलगर्जीपणाने झालेलं असावं लागतं, आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. कापायची रक्कम प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. उशिरा आल्याबद्दल मनाला येईल तो दंडही चालत नाही. दंडाला मंजुरी घेतलेली, दुकानात लावलेली यादी लागते आणि तो पगाराच्या तीन टक्क्यांवर जाऊ शकत नाही. सगळ्या कपाती मिळून निम्म्याहून जास्त पगार खाऊ शकत नाहीत.

‘उद्यापासून येऊ नकोस’ हेही वाटतं तितकं सोपं नाही. वर्षभरात २४० दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या या तरतुदीला किमान संख्येची अट नव्हती, त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही नाही. चोरी किंवा गैरवर्तन केलं म्हणून काढत असाल तर आरोप लेखी द्या, त्याचं उत्तर घ्या, रीतसर चौकशी करा. सोडून गेला काय किंवा काढला काय, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. ‘पुढच्या महिन्यात ये, बघू’ हे आता चालत नाही.

आधी घेतलेल्या सहीवर तर मालकांचा फारच भरवसा. वेतन संहितेनुसार कामगाराने आपल्या हक्काची रक्कम सोडून दिल्याचा करार मुळातच रद्दबातल असतो. पगार रोखीत द्यायला कायद्याची हरकत नाही, पण पगार मिळाला नाही किंवा कमी मिळाला असा दावा झाला, तर दिल्याचा पुरावा मालकानेच द्यायचा असतो. म्हणजे नोंद न ठेवता रोख देणारा स्वतःचाच पुरावा पुसत असतो. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई लागू शकते.

चौदा वर्षांखालचा मुलगा चहा आणायलासुद्धा ठेवता येत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीलाही दहाची पळवाट नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील तर अंतर्गत समिती नेमावी लागत नाही, पण तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, आणि ती मालकाविरुद्धही करता येते.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘तपासायला येतंय कोण?’ खरं आहे, छोट्या दुकानात सरकारी माणूस क्वचितच फिरकतो. पण पगाराचं प्रकरण तपासणीतूनच उभं राहतं असं नाही; नोकरी सोडलेला माणूस स्वतः दावा करतो. अशा वेळी हजेरी, पगार, उचल आणि कपात लिहिलेली, दर महिन्याला त्याची सही असलेली वही दुकानात असेल तर मालकाजवळ बोलायला काहीतरी असतं.