लव्हाळा बाहेरून आलेला नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

लव्हाळा या शेतातल्या चिवट तणावरच्या लेखाखाली तुम्ही मोहोळ तालुक्यातून सविस्तर लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लव्हाळा गाजरगवतासारखाच परदेशातून आलेला, त्याला ‘मूळचा आपल्याकडचा’ म्हणणं चूक. आजोबांच्या रानात तो नव्हता. उजनी धरणाचं पाणी आलं आणि मागोमाग हाही आला. उन्हाळी नांगरटीनं तो मरतो, मग एवढं शास्त्र कशाला? आणि लव्हाळ्याला सरळ गवत म्हणायला माझं काय जातं?

गाजरगवत अमेरिका खंडातलं, त्यात वाद नाही. लव्हाळ्याची गोष्ट फार जुनी आहे. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांमध्ये ‘मुस्ता’, म्हणजे हाच लव्हाळा, ठिकठिकाणी भेटतो. तापातल्या तहानेसाठी सांगितलेल्या षडंगोदकाच्या सहा वस्तूंपैकी तो एक. जुन्या संस्कृत काव्यातली रानडुकरं डबक्याकाठी मुस्ताच उकरत असतात. ही सगळी नोंद कोलंबस १४९२ साली निघाला त्याच्या कित्येक शतकं आधीची. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये ‘सायपेरस रोटुंडस’ असं नाव दिलं, तेव्हा वसतिस्थान म्हणून ‘इंडिया’ लिहिलं. त्या काळी हा शब्द ऐसपैस वापरत, हे मान्य. पण आजचे वनस्पतिशास्त्रज्ञही आफ्रिका, दक्षिण युरोप आणि पश्चिम व दक्षिण आशिया हा त्याचा नैसर्गिक टापू धरतात, आणि आपण त्या टापूत बसतो. अमेरिकेत आणि हवाईत मात्र तो खरोखर उपरा आहे. तिथले शेतकरी तुमच्यासारखी तक्रार करतील तर ती रास्त ठरेल! उत्तरेकडे त्याला थंडी अडवते. जमीन गोठली की त्याच्या जमिनीखालच्या गाठी मरतात.

आता आजोबांचं रान. तुमचं निरीक्षण मी खोटं म्हणत नाही, अर्थ वेगळा लावतो. कोरडवाहू काळी जमीन, रब्बीची मालदांडी ज्वारी, आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा. लव्हाळ्याची गाठ वाळणं सहन करत नाही, त्यामुळे अशा रानात तिचा निभाव लागणं कठीण. तो होता ओढ्याकाठी, विहिरीच्या पाटाला, तळ्याच्या कडेला. जिथं ओल, तिथं. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, पुढे कालवे आले, ऊस आला, आणि जी ओल ओढ्यापुरती होती ती बारमाही रानात आली. धरणानं पाणी आणलं, लव्हाळा आधीपासूनच शेजारी बसलेला होता. गाठी कशानं पसरल्या म्हणाल, तर पाटाच्या पाण्यानं, अवजारांना चिकटलेल्या मातीनं, तळ्यातून उपसलेल्या गाळानं, आणि डाळिंबाच्या रोपांच्या पिशव्यांतूनही. बियांचा त्यात वाटा फारच थोडा. तुरा येतो, पण रुजणारं बी क्वचितच धरतं.

नांगरटीबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे, आणि राहिलेलं निम्मं महागात पडतं. या झाडाची खरी करामत जमिनीखाली आहे. पातीच्या बुडाशी फुगीर गड्डा, त्यातून तारेसारखी खोडं निघतात, त्यांवर एकामागोमाग गाठी धरतात. साखळी अखंड असेपर्यंत टोकाकडचा जोमदार कोंब मागच्या बहुतेक डोळ्यांना दाबून ठेवतो. साखळी तोडली की प्रत्येक गाठ मोकळी होते आणि स्वतंत्र उगवते. म्हणून ओल असताना रोटाव्हेटर फिरवणं म्हणजे लव्हाळ्याची लागवड करणं. बऱ्याचशा गाठी वरच्या वीतभर मातीत असतात, काही आणखी खोल. चैत्र-वैशाखात आपल्या चाळीसपार उन्हात नांगरून ढेकळं उलटी पडू दिली, मध्ये पाणी दिलं नाही, तर वर आलेल्या गाठी वाळून मरतात. इथवर तुमचं खरं. खालच्या मात्र वाट पाहतात. नुसतं खुरपून पाती काढली तर काही दिवसांत नवी पाती. सावलीत तो दबतो, ऊस दाट झाला की दिसेनासा होतो. पण तोडणी झाली, ऊन पडलं, की खोडव्यात पुन्हा हजर.

गवत म्हणा की, घरात मीही म्हणतो. पण शास्त्रात तो गवताच्या कुळातला नाही. तणनाशक घेताना हा फरक लक्षात ठेवा, कारण निव्वळ गवतवर्गीय तणांसाठीची औषधं यावर चालत नाहीत. दांडा बोटांत फिरवून पाहा : तीन धारा लागतात, आत भरीव, मध्ये पेर नाही. हरळीचा किंवा कुंद्याचा दांडा असा नसतो. पानंही तीन बाजूंना निघतात. गवताची दोन बाजूंना.

काष्ठौषधीच्या दुकानात लव्हाळ्याच्या गाठी म्हणून मिळणारा नागरमोथा वेगळा दिसतो, हा मुद्दा तुम्ही जाता जाता काढलात, तो योग्य आहे. त्या नावानं बऱ्याचदा सायपेरस स्कॅरिओसस ही दुसरी जात विकली जाते.

तुमच्या बांधावरच्या झाडाचा तुरा पिवळसर असल्याचं लिहिलंय, त्यावर मात्र मी अडलो. लव्हाळ्याचा तुरा तांबूस-तपकिरी असतो. पिवळसर तुऱ्याची, गोडसर गाठीची सायपेरस एस्कुलेंटस ही भावकीतली जात आहे. तिच्या गाठी साखळीत नसतात, खोडाच्या टोकाला एकेकटी गाठ असते. पुढच्या खुरपणीला एक झाड ओढून न काढता कुदळीनं मातीसकट उचला, पाण्यात धुवा आणि गाठींचा फोटो इथंच टाका. मग ठरवू.